तीन आणि वीस

१

आइलेर्त सापडला रविवारी सकाळी, मासळी-धक्क्याच्या पश्चिमेकडच्या पायऱ्यांखाली. तिथं पाणी फार खोल नव्हतं. पायऱ्यांवर मात्र बर्फाची काच धरली होती आणि खालच्या लोखंडी कडीला त्याचं कपाळ लागल्याची खूण होती.

पोलीस ठाण्यातून हाल्वरचा फोन आला, तेव्हा बेटावरच्या किनारा-रेडिओ केंद्रात इंगुन पाळी संपवून कपात कॉफी ओतत होती. वर्षानुवर्षं बोटींशी बोलून तिला एक सवय जडली होती. कानावर आलेली गोष्ट ती तोंडानं परत म्हणायची. आताही म्हणाली, "आइलेर्त. पश्चिमेच्या पायऱ्या. गेलेला."

"हो," हाल्वर म्हणाला.

कॉफी कपाबाहेर सांडत होती. इंगुनला ती दिसत होती, पण हात थांबवायचं सुचलं नाही.

दुपारच्या बोटीनं ती हेस्तवोगला उतरली. भावाच्या घरात सगळं जागच्या जागी होतं. खुर्चीतली उशी दबलेली, बशीत अर्धा पाव. आइलेर्तनं लग्न केलं नव्हतं. गावच्या वितळभट्टीत तो क्रेन चालवायचा आणि दर रविवारी बहिणीशी फोनवर हवेबद्दल बोलायचा. आज रविवारच होता. इंगुननं पाव कचऱ्यात टाकला, बशी धुतली आणि पुसून परत तिथंच ठेवली.

संध्याकाळी तिघं जण आले. दाराशी बूट काढून, मोज्यांवर, एकामागोमाग एक आत येऊन बसले. थोरलाइफ हा भट्टीचा मुकादम, निवृत्तीला टेकलेला. शार्तान हा दुसऱ्या क्रेनवरचा तरुण. आणि आस्ब्योर्ग, कारखान्याचं कँटीन चालवणारी, बुटकी, शांत बाई. तिनं फडक्यात गुंडाळून वाफल आणले होते. वाफल कुणी उघडले नाहीत.

या तिघांचं आणि आइलेर्तचं मिळून लॉटरीचं एक मंडळ होतं. चौघांनी दर आठवड्याला वर्गणी काढायची आणि एक तिकीट भरायचं, चौतिसांतले सात आकडे. आकडे ते स्वतः निवडत नसत, विकत घेत. बर्गेनमध्ये एक माणूस पैसे घेऊन लॉटरीचा सल्ला द्यायचा. तो स्वतःला प्राध्यापक म्हणवायचा आणि कारखान्यातही सगळे त्याला प्राध्यापकच म्हणत, एक डोळा मिचकावून. दर गुरुवारी त्याचा कँटीनमध्ये फोन यायचा. आस्ब्योर्ग आकडे ऐकायची, मग क्रेनवरच्या आइलेर्तला कळवायची. तो तिकिटावर फुल्या मारून ते घरी जाताना पेत्राच्या टपरीवर द्यायचा.

"काल सातही लागले," थोरलाइफ म्हणाला. "प्राध्यापकानं सांगितलेले सातच्या सात. मी सकाळी त्याला विचारून खात्री केली. आपल्या तिकिटावर मात्र सहाच आहेत. तेविसाच्या जागी बत्तिसावर फुली."

इंगुन म्हणाली, चूक झाली असेल.

"आम्हीही तेच म्हटलं असतं, पोरी. पण पेत्राच्याच टपरीवरून आणखी एक तिकीट गेलंय. त्यावर सातही बरोबर आहेत. हे आकडे गावात आम्हा चौघांशिवाय कुणाला माहीत होते?" त्यानं गुडघ्यांवर हात ठेवले. "आमचं चुकीचं भरलं आणि स्वतःचं बरोबर. घर शोध. ते तिकीट सापडलं तर बघू. नाहीतर शुक्रवारी पेटी उचलायला आमच्यातलं कुणी येणार नाही."

हेस्तवोगमध्ये भट्टीवरच्या माणसाची शवपेटी त्याच्या पाळीतली माणसं उचलतात. ती आली नाहीत, तर का आली नाहीत हे चर्चच्या भिंतीपासून बंदरापर्यंत सगळ्यांना कळतं आणि त्या घरावर ते कायमचं चिकटतं.

शार्तान खिडकीबाहेर बघत होता. आस्ब्योर्ग सतरंजीकडे.

ते गेल्यावर इंगुननं घर शोधलं. दुसरं तिकीट कुठंच नव्हतं. मंडळाच्या तिकिटाची प्रत मात्र टीव्हीखाली उघडीच पडली होती. बत्तिसावरची फुली ठसठशीत होती, दोन सरळ रेघांची. घुटमळलेल्या हाताची ती नव्हती.

२

हाल्वरनं दुसऱ्या दिवशी आइलेर्तच्या वस्तू टेबलावर मांडल्या. घड्याळ, किल्ल्या, कानटोपी, बूट. खिसे रिकामे होते. डॉक्टरांचं म्हणणं, पाय घसरला असणार. गावाचं म्हणणं वेगळं होतं आणि ते हाल्वरच्या तोंडावर दिसत होतं.

इंगुननं बूट हातात घेतले. लेसा बांधलेल्या नव्हत्या.

"पाण्यात सुटल्या असतील," हाल्वर म्हणाला.

तिनं मान हलवली. ओली गाठ आवळते, सुटत नाही. आणि आइलेर्त तर दुहेरी गाठ मारणारा. क्रेनच्या शिडीवर लोंबती लेस म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. शिवाय इथं लेसांची टोकं बुटाच्या आत खुपसलेली होती, घोट्याच्या दोन्ही बाजूंनी.

"माणूस लेसा अशा कधी खुपसतो?" तिनं विचारलं.

हाल्वरनं वाकून ती टोकं बघितली. "कुणाच्या तरी घरून घाईनं निघताना. बांधायला वाकायचं नसतं तेव्हा."

"म्हणजे जीव द्यायला निघालेला नव्हता."

"लेसांवरून ते मी कागदावर लिहू शकत नाही, इंगुन."

लिहू नकोस, ती म्हणाली. मग तिनं विचारलं की पश्चिमेच्या पायऱ्यांवरून माणूस कुठून येतो. आइलेर्तचं घर पूर्वेला होतं. टपरी, चर्च, बिअरचं दुकान, सगळं पूर्वेलाच. हाल्वरनं खिडकीतून बोट दाखवलं. पायऱ्यांपलीकडे एकच गल्ली होती, टेकडीच्या पोटाशी. दोन घरं उन्हाळी माणसांची, या दिवसांत बंद. एक थोरलाइफचं, त्याच्या तळघरात शार्तान भाड्यानं राहायचा. शेवटचं आस्ब्योर्गचं.

"तिघंही तिकडेच," हाल्वर म्हणाला.

३

पेत्रा टपरीतल्या पेटीची झडप उघडून दाखवत म्हणाली, गुरुवार-शुक्रवारी लोक त्यातच तिकिटं टाकून जातात, ती गठ्ठ्यानं यंत्रात घालते, कुणाचं कुठलं ते तिला विचारू नये. एक तिकीट सातांचं आहे एवढंच तिला लॉटरीवाल्यांकडून कळलं होतं. कितीचं, ते मंगळवारच्या पेपरात येणार. तिनं इंगुनला एक पेपरमिंटची पुडी दिली आणि पैसे घेतले नाहीत. इंगुननं दोन गोळ्या तोंडात टाकल्या. चव लागली नाही.

थोरलाइफनं तिला भट्टीच्या ऑफिसात बसवलं. तो रागातच होता, पण त्याचा राग सरळ होता. शनिवारी तो बायकोबरोबर घरीच होता. दारावर कुणी आलं नाही. सल्ल्याचे पैसे देण्याची कल्पना त्याचीच, आणि त्यात त्याला अजूनही काही गैर वाटत नव्हतं.

"दुखलं की डॉक्टरला पैसे देतेस ना? त्याला तरी कुठं सगळं कळतं?"

"तुला खरंच वाटायचं लागतील म्हणून?"

"शनिवारी संध्याकाळी वाटायचं. रविवारी नाही." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "लागले की नाही शेवटी?"

मग चूक कशी झाली असेल त्याबद्दल तो बोलला, कारण ते त्याच्या मुकादमीच्या हद्दीत येत होतं. गावात जुनी माणसं अजून आकडा उलटा बोलतात. तेवीसला 'तीन आणि वीस' म्हणतात, मराठीत तेविसात तीन आधी येतो तसंच. शाळांनी ते कधीच बदलून 'वीस-तीन' केलं, पण तोंडं बदलली नाहीत. ऐकता ऐकता लिहिणाऱ्याच्या हातून आधी तीनच उमटतो आणि तेवीसचे बत्तीस होतात. भट्टीत अशाच एका आकड्यावरून वितळलेल्या धातूची चुकीची बादली उचलली गेली होती आणि एका माणसाचा पाय गेला. तेव्हापासून थोरलाइफचा नियम होता. क्रेनशी बोलायचं ते नव्या पद्धतीनं, आणि क्रेनवाल्यानं ऐकलेला आकडा मोठ्यानं परत म्हणायचा.

"आइलेर्त हा नियम पाळायचा?"

"पाळायचा म्हणजे? तो नाताळात दुकानात चीज घेतानाही वजन परत म्हणायचा."

शार्तान तिला क्रेनच्या शिडीखाली भेटला. हातातले मोजे तो पिळत होता. प्राध्यापक म्हणजे चोर, असं त्यानं पहिल्याच वाक्यात सांगितलं. मग पैसे का द्यायचास, असं तिनं विचारल्यावर म्हणाला, मंडळात नसलं तर जेवणाच्या टेबलावर बोलायला काय उरतं? शनिवारी तो शेजारच्या गावी नाचाला गेला होता आणि पहाटे आला. चाळीस जणांनी त्याला पाहिलं होतं.

"माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं काय झालं माहितीये?" तो म्हणाला. "गुरुवारी तो आकडे परत म्हणत होता. सांगणाऱ्याचं बोलणं त्याच्या कानातल्या फोनवरच येतं, पण परत म्हणायला त्यानं कळ दाबली की भिंतीवरच्या कर्ण्यातून दोन्हीकडचं आख्ख्या हॉलला ऐकू येतं. शेवटचा आकडा म्हटला आणि मी खालून ओरडलो, आइलेर्त, हे तर तोंडातले सगळे झाले, तुझी कवळी धरून मोज. सगळे हसले. आस्ब्योर्गसुद्धा हसली, कर्ण्यातून आलं तिचं हसणं." मोज्याचं बोट त्यानं उलटं केलं, परत सरळ केलं. "तो पण हसला. बहुतेक."

इंगुन जरा वेळ कर्ण्याकडे बघत उभी राहिली. वर काजळी साचलेला पत्र्याचा कर्णा, बाकी काही नाही.

आस्ब्योर्गच्या स्वयंपाकघरात उबदार होतं. तिनं न विचारताच कॉफी दिली. तिघांपैकी आइलेर्तबद्दल चांगलं बोलली ती एकटीच. तो चोर नव्हता, असं ती दोनदा म्हणाली. कान गेले होते त्याचे, भट्टीवर सगळ्यांचे जातात. "मी आपली जुन्या वळणाची. मी म्हटलं, तीन आणि वीस. त्याच्या हातून आधी तीन पडला असेल. झालं. त्याला दोष देऊन काय उपयोग?"

"आणि दुसरं तिकीट?"

"ते मला काय माहीत? प्राध्यापकानं आणखी कुणाला सांगितले असतील." मग ती म्हणाली की हा सल्ला म्हणजे शुद्ध पैशांचा चुराडा, तिचा कधीच विश्वास नव्हता, थोरलाइफच्या हट्टापायी चाललं होतं सगळं. तिनं कप उचलले. पाठमोरी असताना विचारलं, "बक्षीस कितीचं, ते आलं का गं कुठं?"

"उद्या येईल."

निघताना इंगुन दाराजवळच्या स्टुलावर बसून बूट घालू लागली. आस्ब्योर्गनं दार आधीच उघडून धरलं होतं. खाडीवरचा वारा थेट आत येत होता. इंगुननं दोन्ही लेसा बांधल्या, सावकाश, दुहेरी गाठ मारून. तेवढा वेळ आस्ब्योर्ग दार धरून उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

"थंडी आहे," आस्ब्योर्ग म्हणाली.

४

प्राध्यापकाचा आवाज गोड होता, रेडिओवरच्या प्रवचनकारासारखा. इंगुननं आपलं नाव सांगितलं नाही. सल्ला घ्यायचा विचार आहे, एवढंच म्हणाली.

तो खुशीत होता. शनिवारचं ऐकलं असेलच तुम्ही, म्हणाला. सातच्या सात. योगायोग म्हणणारे म्हणोत.

इंगुन म्हणाली, दर शनिवारी देशात कुणाला ना कुणाला लागतेच की.

"लागते ना. पण ती कुणाला लागावी, हा प्रश्न आहे," तो म्हणाला आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश झाला. मग त्यानं पद्धत समजावली. माणसाची जन्मवेळ, गाव, आजवर लागलेले आकडे, सगळं गणकयंत्रात घालून तो आकडे काढतो. प्रत्येकाचे वेगळे. "हे फक्त तुमच्यासाठी बनवलेले असतात. म्हणून एक पथ्य आहे. कुणाला सांगायचे नाहीत."

"मंडळ असेल तर?"

"मंडळं मला आवडत नाहीत. हेस्तवोगच्या एका बाईंना मी हेच सांगत आलोय. सांगाल तो वाटेकरी."

इंगुननं वाक्य परत म्हटलं. "सांगाल तो वाटेकरी."

"बरोबर. लिहून ठेवा."

तिनं विचारलं की फक्त एकेकासाठी बनवलेले आकडे असे एकूण किती जणांकडे आहेत. पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. ते व्यवसायाचं गुपित आहे, असं तो म्हणाला, तितक्याच गोड आवाजात.

इंगुननं फोन ठेवला. हात टेबलावर सपाट ठेवून ती बसून राहिली. काय झालं ते तिला आता कळलं होतं. आइलेर्त शेवटी कुठल्या दारातून निघाला, तेही. एखाद्या बोटीची जागा समजावी तसं ते समजलं होतं, अक्षांश आणि रेखांश. त्यापलीकडे काही वाटत नव्हतं.

५

मंगळवारी पाळी सुटल्यावर तिनं तिघांना कँटीनमध्येच थांबवलं. खुर्च्या टेबलांवर उलट्या केलेल्या होत्या. आस्ब्योर्गनं चार खाली घेतल्या. शार्तानकडे पेपर होता आणि त्याचा चेहरा विचित्र झाला होता.

"वाच," इंगुन म्हणाली.

"सात बरोबर: प्रत्येकी तीन हजार सहाशे क्रोनर." तो थांबला. "सहा बरोबर: तीन हजार दोनशे."

थोरलाइफनं पेपर ओढून घेतला, चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न केला, चष्मा लावून वाचला. लाखो असतात, तो म्हणाला. पहिलं बक्षीस म्हणजे लाखो.

"असतात. यावेळी ते दीड हजारांहून जास्त जणांत वाटलं गेलं," इंगुन म्हणाली. "प्राध्यापकाची सगळी गिऱ्हाइकं. प्रत्येकाला त्यानं तेच सात आकडे विकले होते आणि प्रत्येकाला सांगितलं होतं, हे फक्त तुमचेच. सल्ला चुकला असता तर पैसे वाया जात होते. बरोबर आला, तरी गेलेच. त्या फुलीपायी तुमच्या मंडळाचं नुकसान झालं चारशे क्रोनरचं. माणशी शंभर."

शंभर क्रोनरमध्ये याच कँटीनमध्ये दोन वेळचं जेवण यायचं.

मग इंगुननं सांगायला सुरुवात केली. आवाज न चढवता, हवामानाची बातमी द्यावी तशी.

"आकडे शनिवारी निघाले. फुली गुरुवारी पडली. गुरुवारी तेवीस येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून ज्यानं मुद्दाम मंडळाचा आकडा बिघडवला, त्याचा प्राध्यापकावर पक्का विश्वास असला पाहिजे. ज्याला ते आकडे फुकाचे वाटतात, तो ते चोरायला जाईल कशाला?"

शार्तानची नजर थोरलाइफकडे गेली. थोरलाइफ लाल झाला.

"मी? मी तर उघड—"

"तू उघड विश्वास ठेवायचास. पण आकडे तुझ्या हातातून जातच नव्हते. तुला दुसऱ्या हातानं मिळायचे, तिकिटावर. ते फक्त दोघांच्या हातातून जायचे." ती शार्तानकडे वळली. "गुरुवारी आइलेर्तनं शेवटचा आकडा कुठला म्हटला?"

"तीस-दोन. म्हणून तर मी दातांवरून—"

"बत्तीस दात. आख्ख्या हॉलनं ऐकलं. आता बघ. आइलेर्तनंच फसवायचं ठरवलं असतं, तर त्यानं तोंडानं तेवीस म्हटलं असतं आणि हातानं बत्तीस भरलं असतं. खरा आकडा ज्या एकाच माणसाला माहीत होता, त्याच्याच कानात तो खोटा आकडा ओरडला नसता. म्हणजे त्याला जे सांगितलं तेच त्यानं म्हटलं, किंवा चुकीचं ऐकून म्हटलं. दोन्हींत काही फरक पडत नाही."

"पडत कसा नाही?" थोरलाइफनं विचारलं. पण तो मुकादम होता. प्रश्न संपेपर्यंत उत्तर त्याच्या तोंडावर आलं होतं.

"माझ्या रेडिओवर कुणी जागा सांगितली की मी ती परत म्हणते," इंगुन म्हणाली. "चुकलं असेल तर समोरचा दुरुस्त करतो. गप्प राहिला, तर तो आकडा त्याचा. आइलेर्तनं परत म्हटलं आणि कर्ण्यातून कुणी तरी हसलं. दातांवरचा विनोद कळायला आधी बत्तीस ऐकू यावं लागतं."

आस्ब्योर्ग टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत होती. सगळे एका जागी झाले तरी ती बोट फिरवतच राहिली.

"तो शनिवारी तुझ्याकडे आला होता," इंगुन म्हणाली. "लेसा न बांधता गेला."

आस्ब्योर्गचं बोट कणांवर थांबलं.

"बूट काढून आत आला," आस्ब्योर्ग म्हणाली. "बसला नाही. म्हणाला, आस्ब्योर्ग, मी तीस-दोन परत म्हटलं होतं ना? मी म्हटलं, नाही. तू वीस-तीन म्हणालास. तुला ऐकू येत नाही आता, आइलेर्त."

"मग?"

"म्हणाला, असेल." तिनं कणांचा ढीग बोटानं मोडला. "माझी माफी मागितली त्यानं. मी दार उघडून उभी होते. तो लवकर जावा असं झालं होतं मला. तो वाकलाच नाही, तसाच गेला."

थोरलाइफ उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. शार्तान म्हणाला, का पण? इतकंच, आणि ते जवळजवळ ऐकू आलं नाही.

नव्या वर्षात कँटीन बंद होणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. यंत्रं बसणार होती, नाणं टाकायचं की सँडविच. आस्ब्योर्गनं ते कारण म्हणून सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. प्राध्यापक दर गुरुवारी तेच म्हणायचा, सांगाल तो वाटेकरी. एवढे पैसे देऊन घेतलेल्या सल्ल्यातलं तेवढंच एक ती पाळत नव्हती. उन्हाळा संपल्यापासून ती दर आठवड्याला एक आकडा बदलून सांगायची आणि खरे आकडे स्वतः भरायची.

"एवीतेवी लागायचे नाहीतच," ती म्हणाली. "मग एक बदलला तर कुणाचं काय जातं? आणि लागलेच तर..." ते वाक्य तिनं तिथंच सोडलं.

"पोलिसांना सांगणार?" शार्ताननं इंगुनला विचारलं.

हाल्वरला ती सकाळीच भेटून आली होती. घसरून पडणं हा गुन्हा नव्हता. तिकीट आस्ब्योर्गनं स्वतःच्या पैशांनी घेतलं होतं. एखाद्याला तुला ऐकू येत नाही असं म्हणणं कुठल्याच कलमात बसत नव्हतं.

थोरलाइफ खिडकीपासून वळला. डोळे पुसले नव्हते त्यानं. "आम्ही उचलू त्याला," तो म्हणाला. "मी आणि पोरगा. पाळीतले आणखी मिळतील. हिनं मात्र त्या आवारात पाऊल टाकायचं नाही."

"ती उचलेल," इंगुन म्हणाली.

"काय?"

"मंडळ चौघांचं होतं. उरलेली तिघं उचलतील. पुढची डावी कडी आस्ब्योर्गची."

आस्ब्योर्गनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "इंगुन, नको. लोक बघतील. त्यांना कळेल."

"कळू दे. त्याचंही त्यांना कळलं होतंच की, खोटं."

६

शुक्रवारी हवा स्वच्छ होती. चर्चमध्ये माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आली. पेपर सगळ्यांनी वाचला होता आणि कँटीनमधलं बोलणं गावाला कळायला कुणाला सांगावं लागलं नव्हतं. आस्ब्योर्ग एका बाकावर एकटीच होती, काळ्या कोटात, हात मांडीवर; लोक तिच्यापासून दोन बाकं सोडून बसले होते.

पेटी उचलायला सहा जण पुढं झाले. उजवीकडे थोरलाइफ, शार्तान आणि हाल्वर. डावीकडे पुढं आस्ब्योर्ग, मध्ये पेत्रा, मागं इंगुन स्वतः. उचलल्याबरोबर पेटी पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे कलली, कारण आस्ब्योर्ग बुटकी होती. भिंतीशी उभे असलेले लोक बघत होते. एकानं टोपी काढलेली होती, ती त्यानं छातीशी धरली.

"सगळ्यांनी खाली घ्या," थोरलाइफ दबक्या आवाजात म्हणाला.

पाचही जणांनी हात खाली घेतले, गुडघे थोडे वाकवले. पेटी सपाट झाली. तसेच वाकून ते वाळू टाकलेल्या वाटेवरून थडग्यापर्यंत गेले. शार्तानचं नाक वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

थडग्यावर पेटी पट्ट्यांवर ठेवली. पाद्री बोलला. इंगुननं शब्द ऐकले, सवयीनं मनात परत म्हटले, आणि ते कुणाबद्दल आहेत हे दर वेळी तिला नव्यानं कळलं. मग पट्ट्या हातात घेऊन सहाही जण पेटी खाली सोडू लागले, पट्टी तळव्यांतून थोडी थोडी सरकवत.

अर्ध्यावर पेटी थांबली. पट्ट्यांची पाच टोकं सरकत होती, सहावं सरकत नव्हतं. पेटी एका कोपऱ्यावर अडून तिरकी लोंबकळली. आस्ब्योर्गनं पट्टी मुठीभोवती गुंडाळली होती, दोनदा. तिची बोटं निळी पडली होती.

"सोड," थोरलाइफ म्हणाला.

तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. लोक थांबले. पाद्र्यानं पुस्तक मिटलं आणि परत उघडलं. तेवढ्या वेळात कुणीही पुढं होऊन तिची मूठ उघडू शकलं असतं. कुणी झालं नाही, कारण सगळे इंगुनकडे बघत होते.

इंगुनला वाटलं, आता काहीतरी येईल, राग किंवा रडू. तिनं वाट पाहिली. आलं नाही.

"आस्ब्योर्ग," ती म्हणाली. "हळूहळू. आम्ही धरलंय."

आस्ब्योर्गनं मुठीवरचा एक वेढा काढला, मग दुसरा. पेटी सरळ झाली आणि सहाजणांच्या हातातून, एकाच वेगानं, खाली गेली.